'व्याकरण टाका, नुसतं ऐका' हा सल्ला प्रौढांना देणं बंद करा

उजळणी:
'लहान मूल व्याकरण शिकत नाही, मग तुम्ही तरी कशाला? वर्षभर परक्या भाषेतल्या मालिका बघा, बोलणं आपोआप येईल' असा लेख सध्या फिरतोय आणि त्याखाली 'अगदी खरं' म्हणणाऱ्यांची रांग लागलीय. म्हणून हे सविस्तर.

मूल जागेपणीचे सगळे तास भाषेत बुडालेलं असतं, तरी धड बोलायला तीन-चार वर्षं घेतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याकडे असतो दिवसाला एक तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था स्पॅनिशला 600 ते 750 आणि जपानीला सुमारे 2200 वर्गतास धरते. रोज एक तास, म्हणजे जपानीला सहा वर्षं! आणि नुसत्या ऐकण्याचं काय होतं तेही माहीत आहे. कॅनडात फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजीभाषक मुलांना सगळं समजायचं, पण बोलताना लिंग आणि क्रियापदं चुकतच राहायची. त्यावरूनच भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी 1985 मध्ये मांडलं की बोलायला भाग पडल्याशिवाय रूपं पक्की होत नाहीत.

त्यापेक्षा हे करा. 20-30 सेकंदांचा संवाद घ्या, लिखित मजकुरासह. आधी मजकूर न बघता ऐका, मग वाचा, अडलेली रूपं व्याकरणात शोधा, नंतर आवाजाच्या पाठोपाठ बोला. शेवटी स्वतःचं रेकॉर्डिंग मूळाशी ताडून बघा. एका बैठकीत एकच चूक सुधारायला घ्या. बातम्या मात्र नकोत, त्या वेगानं रोजचं कुणी बोलत नाही.

कानसेन:
साफ असहमत. व्याकरणाच्या नादानंच लोकांची तोंडं उघडत नाहीत. जर्मनच्या चार विभक्ती, तीन लिंगं आणि अनेकवचन असा सोळा खणांचा तक्ता घोकायचा आणि बोलताना त्यातला एकही खण वेळेवर आठवत नाही. तोवर समोरचा पुढच्या विषयावर. मालिका फसतात कारण त्या पातळीच्या वर असतात. शंभरात दोन ते पाच शब्द अनोळखी असतील असं ऐका, मग बघा. आणि ते 2200 तास इंग्रजी भाषकांचे आहेत. आपलं क्रियापद जपानीसारखंच शेवटी येतं, प्रत्ययही नामाच्या मागेच लागतात. हे सोयीस्करपणे गाळलंत.

उजळणी:
तासांचा मुद्दा मान्य. पण कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, आपल्यालाही तेवढेच पाठ करावे लागतात. आणि तक्ता घोका असं म्हटलंय कुणी? लिंग शब्दासोबतच पाठ करायचं. पाठांतराच्या कार्डावर नाम एकटं नको, त्याचं उपपद (नामाआधी येणारा, लिंग दाखवणारा छोटा शब्द) आणि अनेकवचन हवं. टेबल मराठीत नपुंसकलिंगी, जर्मनमध्ये पुल्लिंगी. नुसतं ऐकून हे कधी लक्षात येणार? दिवसाला 10च नवी कार्डं घ्या. 30 घेतलीत तर महिन्याभरात उजळणीचा डोंगर होतो आणि सगळंच सुटतं.

काना_मात्रा:
तुम्ही दोघंही मूळ रोगाला हात लावत नाही आहात. तो म्हणजे परक्या शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून ठेवणं. फ्रेंचमधलं 'तू' हे सर्वनाम आणि 'सगळं' या अर्थाचा शब्द, दोन्ही वहीत 'तू' होतात. पहिल्यात जीभ 'ई'च्या जागी आणि ओठ 'ऊ'सारखे गोल असतात, दुसरा सरळ 'ऊ'. जपानीत मावशी आणि आजी या शब्दांत फरक फक्त स्वराच्या लांबीचा, पण आपण दोन्हीकडे 'ओबासान' लिहितो. जर्मन 'मी' कुणी 'इख' लिहितो, कुणी 'इश'. दोन्ही चूक. तोंड 'ई'चं ठेवून फक्त श्वास सोडायचा असतो. एकदा वहीत पडलेला उच्चार जिभेवरून जात नाही.

वर्णसंपदा:
हे अती झालं. हातात आहे ते का फेकायचं? जर्मन 'त्सेट' (z हे अक्षर) म्हणजे चमच्यातला पहिला 'च'. स्पॅनिश-फ्रेंचचे श्वास न सोडता उच्चारलेले 'प, त, क' आपल्याकडे तयारच आहेत, इंग्रजी भाषकांना ते घासून घासून शिकावे लागतात. आपण मात्र इंग्रजीच्या सवयीनं तिथे 'ट' घालतो. जपानी अनुनासिकसुद्धा पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतं, हुबेहूब आपल्या अनुस्वारासारखं. देवनागरीला दोष देणाऱ्यांनी आधी ती नीट वाचावी.

काना_मात्रा:
'नीट वाचावी' हे मला सांगायची गरज नाही. व्यंजनांची उदाहरणं देऊन तुम्ही स्वरांचा प्रश्न टाळलात. 'ओबासान'चं काय, ते सांगा.

वर्णसंपदा:
लांब स्वरापुढे एक आडवी रेघ द्या, झालं.

काना_मात्रा:
आणि फ्रेंच 'तू'ला? त्याला कुठली रेघ? बरं, व्यंजनांपुरती देवनागरी चालेल, तीही पहिले दोन आठवडे. स्वर मात्र ऐकून, ओठ आरशात बघूनच. याहून एक पाऊल मागे येणार नाही.

कानसेन:
म्हणजे शेवटी कानावरच आलात.

उजळणी:
कानावर आणि तोंडावर. आरसा बोलताना लागतो, मालिका बघताना नाही. मूळ प्रश्न अजून तसाच आहे, कानसेन: ऐकून कळलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी न बघता म्हणता येतं का? दहा वाक्यांवर करून बघा आणि किती आली ते इथे लिहा.

कानसेन:
लिहितो. पण माझ्या पातळीची वाक्यं मी निवडणार, तुम्ही नाही.