‘द लोलँड’ : उदयनचं राजकारण गेलं कुठे?

झुंपा लाहिरींची ‘द लोलँड’ (२०१३) ही कादंबरी आमच्या वाचनगटात बहुतेकांना भावली. मला अर्धीच पटली. कोलकात्याच्या टॉलीगंज भागातले दोन भाऊ, वयात जेमतेम सव्वा वर्षाचं अंतर. थोरला सुभाष शिकायला अमेरिकेत ऱ्होड आयलंडला जातो. धाकटा उदयन नक्षलवादी होतो आणि पोलिसांच्या गोळीने मरतो. त्याची गरोदर बायको गौरी हिच्याशी सुभाष लग्न करतो आणि तिला तिकडे नेतो.

आक्षेप असा : १९६७ साली उत्तर बंगालमधल्या नक्षलबारीत जमीन कसणाऱ्यांनी जमिनीसाठी उठाव केला, म्हणून कोलकात्याच्या कॉलेजांतली पोरं पेटली. कादंबरीत हे येतं बातमीसारखं. त्या शेतकऱ्यांपैकी लक्षात राहील असा एकही माणूस नाही. उदयन कशासाठी मेला हे नीट उमगायच्या आत आपण अमेरिकेत पोचलेले असतो. घराची शोकांतिका घडवायला चळवळ वापरून घेतली, असं वाटत राहतं.

प्रतिसाद १
साफ असहमत. इथलं राजकारण सभा-मोर्च्यांत शोधाल तर सापडणारच नाही. शिकवणीच्या निमित्ताने गौरी एका घरी जाते, तिथून एका पोलिसावर नजर ठेवते आणि त्याची सुट्टी कधी असते ते उदयनला कळवते. पुढे त्या पोलिसाचा खून होतो. त्यालाही मूल होतं. आणि इकडे उदयनची आई, मुलाच्या स्मारकशिळेभोवती लोक टाकतात तो कचरा स्वतःच्या हाताने उचलत राहते. नक्षलवादी नेते चारू मजुमदारांच्या ‘वर्गशत्रूचा खात्मा’ (जमीनदार, पोलिस यांना ठार मारा) या धोरणाची किंमत दोन्ही बाजूंनी दिसते. आणखी काय हवं?

धागालेखक
पोलिसाचा प्रसंग पुस्तकातला सर्वांत ताकदीचा, वादच नाही. पण तो पूर्णपणे उलगडतो फार उशिरा. तोवर उदयन जाऊन काही दशकं झालेली असतात. या खुनावरून दोन भावांचं समोरासमोर भांडण व्हायला हवं होतं. ते झालंच नाही, म्हणून मला चुटपुट लागली.

प्रतिसाद २
तुम्ही दोघंही सुभाषला विसरलात! भावाची मुलगी, बेला, तो स्वतःची म्हणून वाढवतो. बापलेक कोलकात्याला गेलेले असताना गौरी घर सोडून जाते. परतल्यावर हाती लागते फक्त तिची चिठ्ठी. क्रांतीची भाषा करणारे मरून मोकळे झाले, निस्तरलं कुणी? मला गौरीला माफ करता येत नाही.

प्रतिसाद ३
उदयन गेल्यावर सासरी गौरीला पांढरी साडी नेसवून, मासे बंद करून कोपऱ्यात बसवलं होतं. त्यांना मूल हवं होतं, सून नको होती. अशा वेळी सुभाषने दिलेला रस्ता तिने धरला, याला मनापासून केलेलं लग्न कसं म्हणायचं? सुभाष भला आहे, पण भावाच्या जागी उभं राहायचा निर्णय त्याचा होता. लेकीला टाकून जाणं मलाही पचत नाही. तरी सगळा दोष तिच्या पदरात घालू नका.

प्रतिसाद १
धागालेखक, शेवटचं प्रकरण पुन्हा वाचा. जलपर्णीच्या आड पाण्यात लपलेला उदयन घरच्यांच्या जिवावर बेतलं तेव्हा बाहेर येतो. चळवळीवरचा त्याचा विश्वास तोवर डळमळलेला आहे. तुम्हाला हवं ते भांडण तो स्वतःशीच करतो.

धागालेखक
वाचलं. अखेरच्या क्षणी त्याला गौरी आठवते, ज्यांच्यासाठी लढायला निघाला ते शेतकरी नाहीत. माझी तक्रार तिथेच आहे.