समुद्राची उष्णता मोजून कोल्हापूरला काय मिळणार?

शाहूपुरीकर:
२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपण अलमट्टी धरणावर आणि नदीपात्रातल्या बांधकामांवर भरपूर बोललो. बोलायलाच हवं होतं. पण आपला पाऊस ज्या अरबी समुद्रावरून वाफ घेऊन येतो, त्याच्या पोटात किती उष्णता साठलीय हे कुणी विचारत नाही. पृथ्वीवर अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. ती मोजायला जगभर सुमारे ४,००० आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप खाली-वर होणारी तरंगती यंत्रं, सोडलेत. ते १,००० मीटरवर वाहत राहतात, दर १० दिवसांनी २,००० मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना तापमान, क्षारता नोंदवून उपग्रहाला कळवतात. आपल्याकडे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था बघते. त्यावरचा खर्च वाढलाच पाहिजे.

गगनबावड्याचा:
नाही पटलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर धोका. चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायची ती या पातळीवर नजर ठेवून. तुमचा फ्लोट दहा दिवसांनी वर येणार, तोवर पूर येऊन गेलेला असतो. आधी घाटमाथ्यावर पर्जन्यमापक वाढवा.

शाहूपुरीकर:
भावा, उद्याचा पूर त्यातून कळेल असं मी म्हणतच नाही. एल निनोच्या वर्षी हवा तापते, पुढच्या वर्षी उतरते, आणि लोक म्हणतात तापमानवाढ थांबली. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर पाण्यात अख्ख्या वातावरणाएवढी उष्णता मावते. खरा हिशेब तिथे आहे. शिवाय उपग्रहाला पृष्ठभागाचंच तापमान दिसतं. चक्रीवादळाला बळ मिळतं ते गरम पाण्याचा थर किती खोल आहे त्यावर.

रंकाळा टॉवर:
जुन्या आकड्यांवर मात्र जपून बोला. आर्गोआधी बहुतेक मोजमाप जहाजांच्या वाटांवर व्हायचं, दक्षिण महासागर जवळपास कोरा. एक्सबीटी प्रोब, म्हणजे जहाजावरून पाण्यात सोडायचा तापमापक, किती वेळात किती खोल गेला हे सूत्राने धरायचे. त्या सूत्रात चूक निघाली आणि नोंदी दुरुस्त कराव्या लागल्या. २,००० मीटरच्या खालचा समुद्र अजूनही फार थोडा मोजला जातो.

शाहूपुरीकर:
म्हणूनच तर ६,००० मीटरपर्यंत जाणारे डीप आर्गो हवेत. यंदा न मोजलेली उष्णता वीस वर्षांनी मोजता येणार नाही.

गगनबावड्याचा:
घाटात न मोजलेल्या पावसाचंही तेच आहे, दादा. फ्लोटना माझा विरोध नाही, रांगेत कुणाचा नंबर आधी एवढाच वाद. कुंभी-कासारीच्या खोऱ्यात जुलैआधी किती नवी यंत्रं बसणार, हे विचारायला माझ्याबरोबर जिल्हाधिकारी कार्यालयात कोण येतंय?