डोपिंगचे नियम: चोर सोडून संन्याशाला फाशी?

बोपदेव_चढ

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेच्या, 2.2 दर्जाची सायकल शर्यत दारात आली, म्हणजे तिच्यामागोमाग डोपिंग चाचणीच्या नमुन्यांच्या बाटल्याही आल्या. म्हणून विषय काढतोय. 'बंदीचं औषध शरीरात सापडलं की दोषी' हा नियम मला अन्यायाचा वाटतो.

अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने 1999 ते 2005 सलग सात टूर द फ्रान्स मारल्या. 2012 मध्ये तो पडला तो सहकाऱ्यांच्या साक्षींनी, लघवीच्या बाटलीने नव्हे. उलट स्पेनचा सायकलपटू कॉन्टाडोर बघा. 2010 च्या टूरमध्ये विश्रांतीच्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल (जनावरांनाही देतात ते बंदीचं औषध) निघालं, 50 पिकोग्रॅम प्रति मिली. एवढ्यावर कोणी डोंगर चढत नाही. तरी दोन वर्षांची बंदी, 2010 ची टूर गेली, 2011 चा जिरोही (इटलीची मोठी शर्यत) गेला. आज क्लेन 5 नॅनोग्रॅमच्या खाली असेल, तर आधी ते मांसातून आलंय का याची चौकशी होते. 1 नॅनोग्रॅम म्हणजे 1000 पिकोग्रॅम, म्हणजे कॉन्टाडोरचा आकडा त्याचा शंभरावा हिस्सा होता!

लॅब_कोट

असहमत. 50 पिकोग्रॅमने वेग वाढत नाही हे मान्य, पण तसा आरोप कोणी केलाच नव्हता. क्लेन अंगात असताना काढून ठेवलेलं रक्त शर्यतीत परत चढवलं, तर असाच पुसटसा माग उरू शकतो, ही शंका होती. क्रीडा लवादाला ती पटली नाही. पण स्पेनहून आणलेल्या गोमांसाची गोष्टही पटली नाही, दूषित सप्लिमेंट जास्त संभवनीय वाटलं. म्हणजे 'कसं आलं' हे विचारलं जातंच. दोष आधी ठरतो, शिक्षा किती हे त्या उत्तरावर ठरतं, आणि उत्तर द्यायची जबाबदारी खेळाडूची. ती प्रयोगशाळेवर टाकली तर एकही प्रकरण उभं राहणार नाही.

आर्मस्ट्राँगबद्दल: 1999 साली ईपीओची (लाल पेशी वाढवणाऱ्या हार्मोनची) लघवीतली चाचणीच वापरात नव्हती. होता तो फक्त हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, 50 टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम, 1997 पासूनचा. म्हणजे 49.5 पर्यंत खुशाल भरा! 2008 पासून पासपोर्ट, म्हणजे प्रत्येकाच्या रक्ताच्या नमुन्यांची नोंदवही, आला तो याच्यावर उपाय म्हणून. त्यात औषध शोधत नाहीत, रक्ताची चाल बघतात. हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति लिटरमध्ये घ्यायचं आणि त्यातून रेटिक्युलोसाइटच्या (नव्या, कोवळ्या लाल पेशींच्या) टक्केवारीच्या वर्गमुळाची 60 पट वजा करायची, उरतो तो गुणांक. समजा 150 आणि 1 टक्का, तर गुणांक 90. रक्ताची पिशवी चढवली की हिमोग्लोबिन 165 होतं. शरीराला वाटतं माल भरपूर आहे, नव्या पेशी बनवणं ते कमी करतं, टक्का 0.36 वर येतो, गुणांक 129. पिशवी काढून घेतल्यावर नेमकं उलटं होतं. 140 आणि 2.25 टक्के, गुणांक 50. तुलना स्वतःच्याच जुन्या नमुन्यांशी असते, त्यामुळे 'माझं रक्त जन्मजात दाट आहे' ही सबब चालत नाही.

बोपदेव_चढ

गणित सुरेख आहे, पण चोरालाही येतं. पिशवी चढवताना जोडीला शिरेतून ईपीओचे बारीक डोस दिले की रेटिक्युलोसाइट पडत नाहीत. तुमचा 129 पुन्हा शंभराच्या आसपास. असा डोस रात्री अकरानंतर घेतला तर सकाळपर्यंत लघवीतला माग विरत आलेला असतो, आणि ठोस संशय असल्याशिवाय रात्री अकरा ते पहाटे पाच कोणी दार वाजवत नाही.

आणि सगळ्यांना एकच फूटपट्टी तरी लागते का? ब्रिटनच्या फ्रूमच्या 2017 च्या वुएल्टातल्या (स्पेनच्या शर्यतीतल्या) नमुन्यात सालब्युटामोल, म्हणजे दम्याचं औषध, 2000 नॅनोग्रॅम. कारवाईची रेषा 1200. जुलै 2018 मध्ये प्रकरण बंद. इटलीच्या उलिसीच्या नमुन्यात 2014 मध्ये त्याच औषधाचे 1900, त्याला नऊ महिने घरी बसवलं. फरक वकिलांचा नाही तर कशाचा?

लॅब_कोट

रात्रीचं भोक आहे, नाकारत नाही. फ्रूमबाबत अर्धंच सांगितलंत. लघवी दाट असली की आकडा फुगतो. घनतेची दुरुस्ती केल्यावर त्याचे 2000 चे 1429 झाले. तरी रेषेच्या वरच. पुढचा युक्तिवाद महाग होता, एवढं तुमचं कबूल.

पेठेतली_फार्मसी

तुम्ही दोघं पिकोग्रॅममध्ये अडकलात. आपल्याकडच्या हौशी रेसरला धोका आहे तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून.

कफ सुटण्याच्या कित्येक सिरपांत ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिनच्या जोडीला टर्ब्युटालिन (श्वासनलिका मोकळी करणारं औषध) असतं. ते शर्यत असो-नसो, कायम बंद. पृथ्वी शॉला 2019 मध्ये याच टर्ब्युटालिनपायी आठ महिने बसावं लागलं. कोरड्या खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन चालतं. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन असेल तर हरकत नाही. स्यूडोएफेड्रिन असेल तर शर्यतीआधी किमान 24 तास बंद करायचं, कारण लघवीत 150 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की धरतात. 'शर्यतीचा काळ' आदल्या रात्री 11:59 ला सुरू होतो, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

दम्याचा सालब्युटामोल पंप: 100 मायक्रोग्रॅमचा असेल तर 8 तासांत 6 फवारे, 24 तासांत 16. त्याच औषधाची नेब्युलायझरची कुपी 2.5 मिलिग्रॅमची असते, म्हणजे 2500 मायक्रोग्रॅम. दवाखान्यात एकदा वाफ घेतली की दिवसाचा कोटा ओलांडला. तेव्हा कागद तिथल्या तिथे घ्या आणि उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करा. आणि ते सलाईन! 12 तासांत 100 मिलीच्या वर शिरेतून काहीही चढवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आत नुसतं मीठ-पाणी असलं तरी. आपली बाटली 500 मिलीची.

चेनरिंग

हा नियम बनवणारा एप्रिलच्या दुपारी दिवे घाटात आला नसावा. अशक्तपणा आला की डॉक्टर आधी बाटली लावतो, ही आपल्याकडची रीत. त्यात मीठ-पाण्याचा काय गुन्हा?

लॅब_कोट

मीठ-पाण्याने रक्त पातळ होतं, हाच गुन्हा. 1998 च्या जागतिक स्पर्धेत आर्मस्ट्राँगच्या संघाच्या डॉक्टरने लिटरभर सलाईन रेनकोटाखाली लपवून तपासनिसाच्या नाकासमोरून नेलं आणि त्याला चढवलं, हिमॅटोक्रिट खाली यावा म्हणून. यूसाडाच्या (अमेरिकेच्या डोपिंगविरोधी संस्थेच्या) 2012 च्या अहवालात ही साक्ष आहे. रुग्णालयातल्या उपचाराला सूट आहे, कोपऱ्यावरच्या क्लिनिकला नाही. शुद्धीवर असाल तर ओआरएस प्या. शुद्ध गेली असेल तर रुग्णालयात जा, नियम आड येत नाही.

बोपदेव_चढ

सलाईनवर माघार. सप्लिमेंटवर नाही. दुकानातल्या डब्यात काय आहे हे खेळाडूने सिद्ध कसं करायचं?

पेठेतली_फार्मसी

एका बॅचचे दोन डबे घ्यायचे, एक सीलबंद ठेवायचा. बिलावर बॅच नंबर लिहून घ्यायचा. नमुना देताना फॉर्मवर मागच्या सात दिवसांतलं सगळं लिहायचं, प्रोटीन पावडरीसकट. उघडा डबा पुरावा म्हणून फारसा टिकत नाही, त्यात नंतर कोणीही काहीही मिसळलं असेल.

बोपदेव_चढ

म्हणजे डबे दुप्पट, खर्चही दुप्पट. बारामतीहून कर्जाच्या सायकलवर येणाऱ्या पोराने हा दुसरा डबा कुठून आणायचा?

पेठेतली_फार्मसी

त्याने पहिलाही घेऊ नये. सत्तू आणि केळी घ्यावीत.