कामवाल्या बाईची पर्स तपासून घर सुरक्षित राहतं का?

नलिनी_पार्ले:
काल इथे 'मुंबईत कुटुंब सुरक्षित ठेवण्याचे दहा नियम' असा लेख आला. सेफ्टी डोअर, कॅमेरे, पेपर स्प्रे, इथवर ठीक. चौथा नियम वाचून डोकं फिरलं: 'कामवाली बाई घरी जाताना तिची पर्स रोज तपासा.' कालपासून ते मनातून जात नाही, म्हणून वेगळा धागा.

मार्चमध्ये माझ्या सासऱ्यांना, वय 78, फोन आला. तुमच्या आधार कार्डावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत. मग व्हिडिओ कॉल, समोर वर्दीतला माणूस, आणि 'तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कोणाशी बोलायचं नाही.' खाली दोन वॉचमन, लिफ्टमध्ये कॅमेरा, दाराला तीन कुलपं. आणि चोर आतल्या खोलीत, औषधाच्या डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये!

आमच्या कामवाल्या मावशींनी नेऊन ठेवलेल्या चहावर साय धरली तरी कप तसाच. त्यांनी मला ऑफिसात फोन केला, "ताई, आजोबा फोनसमोर हात जोडून बसलेत." मी धावत निघाले, रिक्षातूनच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला. दीड लाख आधीच गेले होते, त्यातले काही पुढच्या खात्यात गोठवले गेले. दुसरा हप्ता मावशींनी फोन हिसकावून घेतला म्हणून वाचला. व्हिडिओ कॉलवर अटक होतच नाही, कायद्यात तसलं काही नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. सासऱ्यांनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. भीती बसली की ऐकलेलं आठवत नाही.

आता सांगा, मी कोणाची पर्स तपासू?

मुलुंडकर:
ताई, तुमची बाई चांगली निघाली म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आम्ही गणपतीला गावी गेलो तेव्हा घर फुटलं. कोयंडा कापलेला. पण कपाट फोडलं नव्हतं, किल्लीने उघडलं होतं. किल्ली तांदळाच्या डब्याखाली असायची, हे घरातल्या चौघांना आणि बाईला माहीत. आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ गेली. पोलिसांनी पहिलं काय विचारलं? बाईची नोंद केली होती का, फोटो, आधारची प्रत आहे का? काहीच नव्हतं. घर ज्याचं फुटतं त्यालाच कळतं.

नलिनी_पार्ले:
आईंच्या वस्तू गेल्या त्याचं वाईट वाटतं. पण चोरी त्या बाईने केली हे सिद्ध झालं का?

मुलुंडकर:
चोर सापडला नाही. बाईला तीनदा चौकीत बोलावलं. चौथ्या दिवसापासून ती कामाला आली नाही.

नलिनी_पार्ले:
म्हणजे पाटल्या तुमच्या गेल्या आणि रोजी तिची गेली. आणि तरी तुम्ही तिचंच उदाहरण देताय!

डोंबिवली_फास्ट:
तुम्ही कुलपांवर भांडा. आम्ही रोज लोकलच्या दारात लटकून जातो, आमचं काय? कळवा-मुंब्र्याच्या मध्ये फटका बसला. रुळाशेजारी उभ्या पोराने मनगटावर काठी हाणली, फोन खाली, गाडी पुढे. माझा तोल गेला असता तर मीही खाली. सुजलेला हात घेऊन तक्रार द्यायला गेले, तर म्हणाले, "मोबाईल गहाळ झाला असं लिहा, लवकर काम होईल." त्याआधी दोन ठिकाणी 'आमची हद्द नाही' ऐकून झालं होतं. तीन तास!

निवृत्त_वर्दी:
बाई, हद्द हा बहाणा नसतो. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, केंद्राचं, रेल्वेच्या मालमत्तेसाठी. गाडीतल्या चोरीचा तपास राज्याच्या लोहमार्ग पोलिसांकडे. शहर पोलीस तिसरेच. चुकीच्या दारात गेलात तर वेळ जाणारच.

डोंबिवली_फास्ट:
हात सुजलेल्या माणसाने आधी तुमच्या खात्यांचा अभ्यास करायचा का? तिथे 'या बसा, पाणी घ्या' एवढंही कोणी म्हणालं नाही.

निवृत्त_वर्दी:
एका ड्युटीवर किती तक्रारी येतात त्याची कल्पना आहे का? तीस वर्षं केलीय नोकरी. घरी बसून पोलिसांना बोलणं सोपं असतं.

कोर्टनाका:
साहेब, तुमच्या नोकरीचा मान ठेवून सांगतो, इथे तुम्ही चुकताय. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठेही घडो, माहिती कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते. झिरो एफआयआर ती हीच. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. आणि काठी मारून फोन नेला तर ती जबरी चोरी, न्याय संहितेचं कलम 309. 'गहाळ' लिहिलं की गुन्हाच उरत नाही, तपास कशाचा करणार? नकार मिळाला तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे पाठवा. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, घरी लिहून ठेवा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो.

निवृत्त_वर्दी:
कलम बरोबर आहे. 'गहाळ' लिहायला सांगतात, हेही मी पाहिलंय. ते चूकच.

मुलुंडकर:
धागा घराचा होता, रुळावर गेला. नलिनीताई, पर्स तपासणं अपमानाचं आहे, एवढं मानतो. नोंदणी मात्र सोडणार नाही.

नलिनी_पार्ले:
कोण सोडा म्हणतंय? मावशींची नोंद मी स्वतः केली, त्यांच्यासमोर, त्यांना विचारून. त्यांनीच फोटो आणून दिला. मी रोजच्या झडतीबद्दल बोलतेय. आणि किल्ली तांदळाच्या डब्याखाली ठेवायची जागा नव्हे, रागावू नका.

मुलुंडकर:
आता बँकेत लॉकर घेतलाय. एक विचारतो, माझे वडील 81 चे, फोन त्यांच्याच हातात असतो. 1930 वर मराठीत बोलतात का?

नलिनी_पार्ले:
माझ्याशी मराठीतच बोलले. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक लगेच विचारतात. तो क्रमांक बँकेच्या मेसेजमध्ये असतो, घाबरून मेसेज पुसू नका म्हणावं. वडिलांच्या फोनमध्ये नंबर आजच टाका, आणि घरी दिवसभर जे कोणी असतं त्यांच्याही.