२५ हजारांत पहिली रोड बाईक: नवी घ्यावी की जुनी?

केगाव_बीएस्सी विचारतो:
मंडळी, विद्यापीठात शिकतो, राहायला जुळे सोलापूरला. रोजचं जाऊन-येऊन २०-२५ किलोमीटर, आणि रविवारी अक्कलकोट किंवा तुळजापूर करायचं मनात आहे. बजेट २५ हजार. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६२ किलो. समोर तीन सायकली आहेत. एका दुकानातली १४ हजारांची: ड्रॉप (खाली वळलेलं) हँडल, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, २१ गिअर. दुसरी डेकॅथलॉनची ट्रायबन आरसी १००, नवी. तिसरी पुण्यातली जुनी, शिमानो क्लॅरिसच्या गिअर-संचाची, २२ हजार, फ्रेमचं माप ५४ सेंटिमीटर. कोणती घेऊ? आणि बाभळीच्या काट्यांचं काय करायचं तेही सांगा.

होटगी_रोड:
गिअरच्या आधी माप बघ. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, पायांत जाड वही धरून वर घट्ट दाब, वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण कर. जमिनीपासून खुणेपर्यंत समज ७९ सेंटिमीटर आलं, तर त्याला ०.६५ ने गुण: ५१-५२ ची फ्रेम. त्याच ७९ ला ०.८८३ ने गुणलंस की ६९.८ येतं, क्रँक (पेडलचे दांडे) ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची साधारण तेवढी ठेवून सुरुवात करायची.

५४ तुला बहुतेक मोठी पडेल. पण आकड्यावर जाऊ नको, कंपनीगणिक ५४ वेगळी असते. विकणाऱ्याला हेड ट्यूबच्या (हँडलखालची फ्रेमची नळी) मध्यापासून सीटपोस्टच्या (सीटखालची दांडी) मध्यापर्यंत आडवी, जमिनीला समांतर टेप धरून माप पाठवायला सांग. ५३ च्या आसपास असेल तर ८० मिलिमीटरचा स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) लावून जमेल. ५५ असेल तर सोडून दे, कितीही स्वस्त असली तरी. हात ताणून चालवलं की मान आणि तळहात पहिल्या तासातच दुखायला लागतात, आणि स्टेम आखूड करूनही फ्रेमची लांबी कमी होत नाही.

१४ हजारांवाली नको. २१ हा आकडा समोरच्या तीन चकत्या गुणिले मागच्या सात, एवढाच. गिअरचे खटके बहुधा स्टेमवर असतात, म्हणजे गिअर बदलायला हँडलवरचा हात काढायचा, तोही सात रस्त्याच्या गर्दीत. वजन १५ किलोच्या पुढे जातं. स्वस्त डिस्क घासत राहते आणि तिचे पॅड बदलायला दुकानदाराकडेही नसतात. साधा रिम ब्रेक बरा; त्याची रबरं कुठंही मिळतात आणि अॅलन पाना असला की स्वतःला बदलता येतात.

नवी_पेठ_स्पोक:
जुनी बघायला गेलास तर चेनपासून सुरू कर. एक आतली आणि एक बाहेरची कडी मिळून एक जोड. असे १२ जोड पिनेपासून पिनेपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. दीड मिलिमीटरने वाढले असतील तर चेन बदलायची, तीनने वाढले असतील तर बहुतेक मागची कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली, तेवढे पैसे कमी करून माग.

मग चाक उचलून फिरव आणि ब्रेकच्या रबराजवळून रिम बघ. थोडा आउट (डावीकडे-उजवीकडे डुलणारा) असेल तर तो काढता येतो. रिमच्या बाजूला बोट फिरवून खोलगट लागलं तर रिमच झिजलीय, ती घेऊ नको. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलव. हँडलच्या मुळाशी खटखट आली तर हेडसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) ढिला किंवा छर्रे गेलेत. क्रँक आडवा हलवून बघ. चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) कार्बनचा असेल तर चाकाच्या वरचा भाग उन्हात धरून तडा शोध. आणि सीटपोस्ट बाहेर काढून दाखवायला सांगच. समुद्राकाठच्या हवेत राहिलेली सायकल असेल तर तो आत जाम बसलेला असतो आणि मग उंची कधीच बदलता येत नाही. शेवटी फ्रेमच्या खाली, क्रँकच्या बुडाशी असलेला नंबर बिलाशी जुळव. बिल नसेल तर चोरीच्या मालाची जोखीम घेऊ नको.

अक्कलकोट_वारी:
काट्यांचं. वेडी बाभूळ रस्त्याच्या कडेलाच असते, म्हणून डांबराच्या अगदी काठाने चालवू नको, पांढऱ्या पट्टीच्या आसपास राहा. टायर २५ मिलिमीटर रुंदीचा नको. २८ किंवा ३२, आत पंक्चररोधक पट्टी असलेला. तुझ्या वजनाला २८ मध्ये पुढे ७०, मागे ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पुरे, ३२ मध्ये ५५-६०. टायरवर छापलेली कमाल हवा भरायची नसते.

पंक्चर झालं की भोक कुठे आहे ते बघ, कारण कळतं. बाहेरच्या बाजूला एकच: काटा. शेजारी-शेजारी दोन: हवा कमी होती, खड्ड्यात रिमने ट्यूब चावली. रिमच्या बाजूला: रिमटेप (रिमच्या आतली, स्पोकची टोकं झाकणारी पट्टी) सरकलीय. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं: हवा भरताना पंप तिरका ओढला. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून कापड फिरव. काट्याचं मोडलेलं टोक आतच राहतं आणि अर्ध्या तासात दुसरी ट्यूब जाते. सगळ्यात जास्त वेळा हेच होतं.

व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा असेल तर पितळी अॅडॅप्टर खिशात ठेव, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या नळीला त्याशिवाय तो बसत नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेपासून लांब. एवढ्याशा टायरला ती क्षणात जास्त होते.

केगाव_बीएस्सी:
आभारी आहे. विकणाऱ्याने माप पाठवलं, ५५.५. म्हणजे ती गेली. आरसी १०० ला समोर एकच चकती, तुळजापूरचा घाट जमेल का?

होटगी_रोड:
जमेल, पण मागची मोठी चकती किती दातांची ते मोजून घे. समोर ४४ आणि मागे २८ असेल तर मिनिटाला ६० पेडल मारायला ताशी १२ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. चढावर तो पडला की पेडल जड होतं आणि गुडघ्यावर येतं. ३४-२८ च्या जोडीला तेच ९ मध्ये भागतं, क्लॅरिसवाल्यांना घाट सोपा जातो तो त्यामुळे. उपाय आहे: ७ स्पीडचं, १४ ते ३४ दातांचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) मिळतं, मग वेग १० वर येतो. मात्र मागच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ३४ दात झेपतात का ते आधी विचार, आणि चेनही लांब लागेल.

खोक्यातून आली तर जोडताना दोन गोष्टी स्वतः उभं राहून बघ. चिमटा उलटा बसवलेला नको, तो पुढे झुकलेला असतो. डावं पेडल उलट आट्याचं असतं, हाताने फिरवून आत जाईल तेवढं जाऊ दे आणि मगच पाना लाव. जोर करून तिरकं घातलं तर अॅल्युमिनियमच्या क्रँकचे आटे जातात आणि क्रँकच बदलावा लागतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत केबल ताणून गिअर मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करेल. डिरेलरजवळचा गोल नट घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरव, चालवून बघ, लागलं तर अजून पाव. हेल्मेट, मीटरचा उभा पंप, दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि कुलूप यांना चार हजार आधीच बाजूला काढ, सायकल उरलेल्या २१ मध्ये बसव.