नागपुरातल्या सॉफ्टवेअर कंपनीनं व्हीसीचा (व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसा लावणारे फंड) पैसा घ्यावा का? माझं मत: नको

धरमपेठी:
आजकाल व्हीएनआयटी म्हणा की ट्रिपलआयटी म्हणा, पोरं कंपनी काढायच्या आधी गुंतवणूकदारांना दाखवायचा पिच डेक काढून राहिले. कस्टमर एक नाही पण व्हॅल्युएशन (कंपनीची किंमत) तोंडपाठ. व्हीसी वाईट असतात असं नाही, त्यांचं गणित आपल्या धंद्यात बसत नाही एवढंच. समजा ५०० कोटींचा फंड आहे, वीस-पंचवीस कंपन्यांत वाटला. त्यातल्या बऱ्याचशा बुडणार हे त्यांनी धरलेलंच असतं, म्हणून प्रत्येकीकडून अपेक्षा एकच, की हिनं एकटीनं अख्खा फंड परत करावा. शेवटी त्यांच्या हातात १५ टक्के हिस्सा उरला तर कंपनी साडेतीन हजार कोटींच्या आसपास विकली गेली पाहिजे. आता राईस मिलचं बिलिंग सॉफ्टवेअर कितीही झकास बनवा, भंडारा-गोंदियापासून रायपूरपर्यंतच्या सगळ्या मिल धरल्या तरी तिथवर पोचणार का? पण तीच कंपनी वर्षाला ३ कोटी कमवून २५ पोरांना गावातच पगार देत असेल तर आपल्यासाठी सोनं, अन् फंडाच्या हिशेबात मेलेली. चेन्नईची सॉफ्टवेअर कंपनी झोहो बघा, १९९६ पासून आहे, बाहेरचा पैसा नाही. शेअर ब्रोकर झिरोधा २०१० पासून तसंच.

मिहान_रिटर्न:
आलं झोहो! या विषयात झोहो-झिरोधा सोडून तिसरं नाव कोणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही भाऊ. त्यांनी सुरुवातीला टेलिकॉमवाल्यांना नेटवर्कचं सॉफ्टवेअर विकून पैसा केला, तो काळच वेगळा. अन् त्याच झोहोतून बाहेर पडून गिरीश मातृभूतमनं चेन्नईत फ्रेशवर्क्स काढली, ॲक्सेल या व्हीसीचा पैसा घेतला, २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात लिस्ट झाली अन् शेअर असलेले पाचशेच्या वर कर्मचारी करोडपती झाले. तुझ्या ३ कोटीवाल्या कंपनीत पोराले काय भेटते? दिवाळीले सोनपापडी.
शिवाय तू नाही घेतला तरी पुण्या-बंगलोरचा कोणीतरी घेईलच, दोन वर्षं सॉफ्टवेअर फुकट वाटेल, तुझे मिलवाले तिकडे पळतील, मग?

इतवारीवाला:
फुकट घेतील पण टिकणार नाही बे. रात्री ११ वाजता ट्रक गेटवर उभा अन् ई-वे बिल निघत नाही तेव्हा फोन उचलणारा माणूस पाहिजे, चॅटबॉट नाही.

कोडर_वर्धारोड:
सगळं बरोबर पण मग पैसा आणायचा कुठून ते कोणीच सांगून नाही राहिलं. बँकेत गेलो तर तारण काय म्हणते, आपल्याजवळ लॅपटॉप अन् पोरं. सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा सरकारी ट्रस्ट) विनातारण हमी आहे, पण मॅनेजरला तरी तीन वर्षांचा ताळेबंद लागतोच. गावातल्या शेठकडे गेलं तर पहिला प्रश्न, "महिन्याला टक्का किती?" इक्विटी, म्हणजे व्याज नाही तर कंपनीत हिस्सा, ते समजावेपर्यंत शेठ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. त्यात एंजल टॅक्स (शेअर देऊन घेतलेला पैसा वाजवी किमतीच्या वर गेला तर त्या जास्तीच्या पैशावरचा कर) २०१२ पासून मानेवर होता, २०२४ च्या बजेटमध्ये काढला एकदाचा.

धरमपेठी:
कस्टमरकडून वर्षाचे पैसे आधी घे, थोडा डिस्काउंट दे. याच्याहून स्वस्त भांडवल नाही.

मिहान_रिटर्न:
ॲडव्हान्सवर दोन पोरं पोसली जातात, सेल्स टीम नाही.

सीए_लक्ष्मीनगर:
इतका वेळ नुसतं वाचत होते. घ्या की नको यावर भांडताय, पण सही कशावर करताय ते आधी बघा ना. उदाहरण देते. ८ कोटी घेतले, २५ टक्के दिले, कंपनी ३२ कोटींची झाली म्हणून गावभर पेढे. तीन वर्षांनी २० कोटींत विकली. फाउंडरला वाटतं त्यांचे ५, आमचे १५. साधं वन-एक्स लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली की गुंतवणूकदारानं घातलेला पैसा आधी उचलायचा) असेल तर ते आपले ८ उचलणार, तुम्हाला १२. आणि 'पार्टिसिपेटिंग' असेल तर आधी ८, वरून उरलेल्या १२ मधले २५ टक्के म्हणजे अजून ३. तुमच्या हातात ९, त्यातच को-फाउंडर अन् ईसॉपवाले (शेअर मिळालेले कर्मचारी).

कोडर_वर्धारोड:
मॅडम माझ्याकडे एक टर्म शीट (गुंतवणुकीच्या अटींचा कागद) आलेली आहे, आत्ता उघडून पाहिली. पार्टिसिपेटिंगच लिहिलंय 😐 वर बोर्डावर दोन सीट त्यांच्या आणि सहा महिन्यांत ऑफिस बंगलोरला हलवायची अट. हे काढायला सांगितलं तर चिडतात का?

सीए_लक्ष्मीनगर:
सांगा बिनधास्त. नॉन-पार्टिसिपेटिंग मागणं म्हणजे काही जगावेगळं नाही. पण सहीच्या आधी, नंतर कोणी ऐकत नाही. आणि वकील स्टार्टअपची कामं केलेला बघा, जमिनीच्या केसेस लढणारा ओळखीचा काका नको.

मिहान_रिटर्न:
बंगलोरची अट मात्र मान्य कर लेका. एंटरप्राइझ सेल्स (मोठ्या कंपन्यांना विक्री) केलेला माणूस तिथे गल्लीत भेटते, इथे शोधून भेटत नाही.

इतवारीवाला:
अन् मिलवाले? ते पण बंगलोरले हलवायचे का?