सांगलीत जुन्या घरगुती वस्तूंची विक्री सुरू करायची आहे, माहिती हवी

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जुन्या घरगुती वस्तू विकायला सुरुवात करायची आहे: तांब्या-पितळेची भांडी, पाणी तापवायचे बंब, समया, कंदील, बरण्या, जमलं तर छोटं लाकडी सामान. भांडवल साठ हजार, तळमजल्यावर एक खोली रिकामी आहे. दुकान नाही, फोटो टाकून विकणार. खरेदीचा भाव कसा ठरवायचा? विकण्याआधी भांडी चकचकीत करून घ्यायची का? आणि लायसन लागतं का?

तांबट_आळी

ताई, आधी भाव. खरेदीला निघायच्या दिवशी दोन भांडीवाल्यांकडे मोडीचा भाव विचारा, तो रोज बदलतो. समजा पितळेची मोड ५०० रुपये किलो आहे आणि घंगाळं ३.२ किलोचं, तर १,६०० रुपये हा तुमचा तळ. दुकानदार मोड घेताना घट (तुटीपोटीची कपात) कापतो, त्यामुळे तुम्ही पूर्ण मोडीचा भाव दिलात तर भांडं विकणाऱ्यांना दुकानापेक्षा जास्त मिळतात, आणि भांडं खपलं नाहीच तर तुमचं नुकसान घटीपुरतं राहतं. त्यावर किती चढायचं ते ठोक्याचं काम, कड्या, आकार आणि कोरलेलं नाव पाहून ठरवा. लोखंडी कड्यांचं वजन मात्र वजा करा.

बंब घेताना सगळ्यात जास्त फसगत होते. मधली नळी निखाऱ्याच्या आचेनं आणि राखेनं पातळ होऊन भोकं पडतात, बाहेरून काही दिसत नाही. काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी नळीच्या आतून, राखेच्या जाळीपाशी ओल आहे का बघा. आत क्षारांचा थर असतो, तोही तांब्याच्या भावानं तोलला जातो. झाकण, तोटी आणि जाळी मूळची असली तर किंमत वेगळीच. तोटी नवी बसवलेली असेल तर तसं सांगून विका.

पितळ की मुलामा, हे ओळखायला लोहचुंबक लागतं. चिकटलं तर आत लोखंड आहे. चिकटलं नाही म्हणून पितळच असंही नाही, कारण जस्ताच्या ओतीव मालावरही मुलामा देतात. लहान भरीव वस्तू असेल तर ग्रॅमच्या काट्यावर कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा आणि वस्तू दोऱ्यानं पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरा. आता जो आकडा दिसेल त्यानं पहिल्या वजनाला भागा. ४२० ग्रॅमची वस्तू ५० दाखवते तर उत्तर ८.४, म्हणजे पितळ. ७ च्या आसपास आलं तर जस्त. पोकळ वस्तूत हवा अडकली तर हे गणित चुकतं. काशाची वाटी टिचकी मारून ऐका. आवाज लांबत गेला तर ठीक, बद्द आला तर तडा शोधा.

चकचकीत करायचं तर अजिबात नाही! बफिंगच्या चाकावर कोरलेली नावं आणि ठोक्यांच्या खुणा पुसट होतात, आणि जुनं घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. रिठ्याच्या कोमट पाण्यात मऊ कापडानं धुवा, लगेच पुसून उन्हात वाळवा. चिंच किंवा लिंबू-मीठ चोळून ठेवून देऊ नका. आंबट फार वेळ राहिलं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांबूस डाग उठतात, ते परत जात नाहीत. आत झाळकाम (धातू वितळवून केलेला जोड) दिसलं तर ते भांडं स्वयंपाकासाठी म्हणून विकू नका, जुन्या झाळीत शिसं असू शकतं. कल्हई गेलेली असेल तर तेही लिहा. गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

वाईचा_वाडा

कायद्याचं थोडक्यात. पुरावशेष कायदा १९७२ चा आहे. कला-कारागिरीची वस्तू १०० वर्षांची किंवा त्याहून जुनी असेल तर ती त्यात येऊ शकते, हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची. अशा वस्तूंच्या व्यापाराला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून सुरुवातीला रोजच्या वापरातल्या, शंभरीच्या आतल्या वस्तूच घ्या. जाहिरातीत ‘दोनशे वर्षं जुनं’ असं उगाच लिहू नका. खोटं असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक, खरं असेल तर परवाना कुठे, असा प्रश्न येणार. देवळातल्या मूर्ती, घंटा, प्रभावळी कितीही स्वस्त मिळाल्या तरी नकोत. हस्तिदंत आणि हरणाची शिंगं वन्यजीव कायद्यात येतात, त्यांना हात लावू नका.

वही ठेवा: तारीख, विकणाऱ्याचं नाव, ओळखपत्राची प्रत, ‘वस्तू माझ्या मालकीची आहे’ अशी सही, फोटो, वजन.

जीएसटी: राज्यातल्या राज्यात मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. बेळगावला एक परात पाठवली तरी ती परराज्यातली विक्री होते, तिथे उलाढाल न पाहता नोंदणी लागते. नोंदणी झाल्यावर जुन्या मालाला नियम ३२(५) वापरता येतो, म्हणजे कर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. पहिल्या पार्सलच्या आधी सीएला विचाराच.

वय ठरवताना: भांड्यावर शके कोरलेला असेल तर ७८ मिळवा, शके १८६२ म्हणजे साधारण १९४०. जुन्या अक्षरांच्या कडा झिजलेल्या आणि खाचेत मळ बसलेला असतो. कडा बोटाला लागत असतील आणि खाच चमकत असेल तर नाव नवीन आहे.

कृष्णाकाठची

खूप आभार. प्रभाकर कंदील आणि सागवानी पेट्या पाहण्यात आहेत. त्यात काय बघू?

ओगलेवाडी_स्टेशन

प्रभाकर कंदील आमच्या कराडशेजारच्या ओगलेवाडीचा. ओगले काच कारखाना १९१६ चा. आपल्या भागात याला मागणी राहणार, कारण लोकांना तो आपला वाटतो. काच मूळची आहे का ते आधी बघा, नुसत्या सांगाड्याला भाव नाही. टाकीत थोडं रॉकेल घालून कंदील तासभर कागदावर ठेवा, बारीक भोक असेल तर कागदावर डाग पडतो. वर रंग दिला असेल तर खरवडू नका.

पेट्यांचं म्हणाल तर सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेलं लाकूड अजून बाजारात फिरतं. पेटी उलटी करा. तळाच्या सांध्यात गाळ, बाजूंना एका उंचीवर सरळ डाग, तळाचे खिळे गंजलेले आणि वरचे चांगले, म्हणजे ती पाण्यात होती. भरीव सागवान असेल तर चालेल, पण प्लायचा तळ सोडा. ओलं लाकूड सावलीत, विटांवर उचलून वाळवा, कडक उन्हात फळ्या तडकतात. भोकांखाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती पेटी बाकीच्या मालात मिसळू नका. तुमची खोलीही तळमजल्यावर आहे, तेव्हा लाकूड आणि कागद माळ्यावर, पितळ खाली.

तांबट_आळी

पार्सलचं राहिलं. कुरिअरवाले आकारावरूनही वजन धरतात: लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ५० × ५० × ३० चा खोका म्हणजे १५ किलो, आत घंगाळं ३.२ किलोचं असलं तरी. त्यामुळे घंगाळ्यात तांब्या, गडू, वाट्या कापडात गुंडाळून भरा आणि संच म्हणून विका. बरणी आणि तिचं झाकण मात्र वेगवेगळं बांधा, एकत्र बांधलं की झाकणच बरणीचा काठ फोडतं.